हातात नुसते स्वर आले तर

रामबाग, इंदूर

प्रिय नंदे,

तुझं पत्र मिळालं. इंग्रजी अक्षरांचे ठोकळे जुळवून शब्द लावायच्या त्या स्क्रॅबलमध्ये सूनबाई तुला रोज हरवते आणि वर "आई, तुमच्याच वाट्याला सगळे स्वर कसे येतात हो?" असं विचारते, हे वाचून एकटीच हसत बसले. अगं, येणारच. 100 ठोकळ्यांत 42 स्वर आहेत. 'ई' 12, 'ए' आणि 'आय' नऊ-नऊ, 'ओ' 8, 'यू' 4. हा खेळ काढणारे आल्फ्रेड बट्स म्हणजे अमेरिकेतले वास्तुविशारद. मंदीत हातचं काम गेलं, तेव्हा वर्तमानपत्राची पानं घेऊन कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजत बसले, आणि त्यावरून ठोकळे किती करायचे ते ठरवलं. तेव्हा उगाच नशिबाला बोल लावू नकोस.

स्वर खपवायला तू मागितलेस ते छोटे शब्द देते, पण एका अटीवर. यादी करून फ्रिजवर चिकटवायची नाही. आमच्या नातवाने तेच केलं. मोबाइलवरून दोन-दोन अक्षरांचे शब्द उतरवले आणि धडाधड लावत सुटला. अर्थ विचारला की, "आज्जी, चलता है!" मग मी घरात नियमच केला: अर्थ सांगता आला नाही तर ठोकळे मुकाट उचलायचे. खऱ्या खेळात असा नियम नाही, पण चहा-पोहे माझ्या घरचे, तर नियमही माझे. शिवाय या शब्दांचे अर्थ इतके गमतीचे आहेत की ते सोडून नुसती अक्षरं घोकणं म्हणजे जिलेबी टाकून पाक पिणं.

पहिला घे 'ए-ए'. उच्चार आ-आ. हवाई बेटांवरचा शब्द. ज्वालामुखीतून आलेला लाव्हा थिजताना वरून खडबडीत, धारदार तुकड्यांचा झाला की तो 'आ-आ', आणि गुळगुळीत, दोरखंडासारख्या वळ्यांचा झाला की 'पाहोएहोए'. जगभरचे भूशास्त्रज्ञ हेच दोन शब्द वापरतात, आपल्या दख्खनच्या पठारासाठीसुद्धा. माळव्याची काळी माती त्याच सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या दगडाची. शाळेच्या सहलीला महूहून छोट्या रेल्वेने पातालपाणीला जायचो, आठवतं? धबधब्याच्या कड्याला थरावर थर दिसायचे. तेव्हा बाईंनी हे सांगितलं असतं तर भूगोलात माझे एवढे कमी मार्क आले नसते.

दुसरा 'ए-आय', आणि इथे हसू आवर. याचा उच्चार चक्क 'आ-ई'! दक्षिण अमेरिकेतला तीन बोटांचा स्लॉथ. दिवसभर झाडाला उलटा लटकतो, शी करायला आठवड्यातून एकदा खाली उतरतो. तिथल्या तुपी लोकांनी त्याच्या ओरडण्यावरून हे नाव ठेवलं. नातवाने हे ऐकलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला, "आई, तुझा अर्थ सापडला!" आतून लाटणं दिसलं, तेव्हा गप्प झाला. याचाच भाऊबंद दोन बोटांचा, 'उनाउ': यू-एन-ए-यू. दोन 'यू' एकदम गळ्यात पडले की माणूस रडकुंडीला येतो, तेव्हा हा आळशी प्राणी धावून येतो. तसाच 'लुआऊ', एल-यू-ए-यू, हवाईतली मोठी पंगत. आणि गुरुपौर्णिमेचा आपला 'गुरू' तर इंग्रजी कोशातच आहे, तो कसा विसरशील?

'ओ-ई' म्हणजे उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांजवळची वावटळ. 'ए-ई' म्हणजे स्कॉटिश बोलीत 'एक'. याहून जास्त त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं नाही, पण कामाला फार येतात.

आता घरातले शब्द. तुझ्या गॅलरीतली कोरफड म्हणजे 'ॲलो', चारातले तीन स्वर. शेतकऱ्याचा युरिया, तोही चारात तीन. कोकणातली तुझी जाऊबाई गाबोळी तळते ना, ती 'रो', आर-ओ-ई. मेंढी 'यू', ई-डब्ल्यू-ई. 'ओबो' हे सनईसारखं दुहेरी पत्तीचं वाद्य, ओ-बी-ओ-ई. आणि तुझ्या सासूबाईंच्या कपाटातली ओ-डी-कोलनची बाटली आठव. त्यातला 'ओ' लिहायचा ई-ए-यू, फ्रेंचमध्ये पाणी. अनेकवचनाला शेवटी 'एक्स' लागतो आणि त्या एकट्या 'एक्स'चे 8 गुण. मला हा शब्द लावताना अजून त्या बाटलीचा वास येतो.

एकेका गुणाच्या स्वरांनी जिंकायचं कसं, हा तुझा खरा प्रश्न. शब्द आडवा लांबवत बसू नकोस, दुसऱ्याच्या शब्दाला खेटून लाव. समज सुनेने 'एम' म्हणजे नेम, ए-आय-एम, असा आडवा लावलाय. तू बरोबर त्याच्याखाली ई-टी-ए लाव, ते ग्रीक अक्षर 'ईटा'. आता उभं वाच: ए-ई, आय-टी, एम-ए. तिन्ही शब्द होतात. ईटाचे 3, मग 2, 2 आणि 4, एकूण 11. ठोकळे तीनच, तेही एकेका गुणाचे! पटावरच्या गुण वाढवणाऱ्या रंगीत घरांचा फायदा वेगळाच. सुनेचा चेहरा तेव्हा बघ आणि मला फोन कर.

ठोकळे बदलण्याची घाई मात्र करू नकोस. बदलले की तुझी पाळी गेली, आणि पिशवीत 7 ठोकळे उरले नसतील तर बदलताही येत नाहीत. मी तर आधी दोन-तीन स्वर कुठेतरी खपवते, अगदी 4 गुण मिळाले तरी.

आणखी एक, निव्वळ मजा म्हणून: ई-यू-ओ-यू-ए-ई. सगळे स्वर! चर्चमधल्या जुन्या लॅटिन गायनाच्या पोथ्यांत 'सेक्युलोरम आमेन' एवढं पूर्ण न लिहिता त्यातले फक्त स्वर सुरांखाली मांडत, कुठल्या सुरावर कुठलं अक्षर संपवायचं ते गाणाऱ्याला कळावं म्हणून. कॉलिन्स या ब्रिटिश कोशाच्या यादीत तो चालतो, अमेरिकन यादीत नाही. म्हणून खेळायला बसण्याआधीच कुठला कोश मानायचा ते सुनेकडून वदवून घे. नाहीतर ऐन वेळी ती मोबाइल पुढे करेल आणि वाद होईल.

'क्यू'ची तक्रार पुढच्या पत्रात. दिवाळीनंतर येतेस ना? थंडीत सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडू कंदाचे तळलेले काप खाऊ, मग रात्रभर डाव मांडू. सुनेलाही आण. आमच्या नातवाला समोर कुणीतरी तोडीस तोड हवंच आहे, माझ्याशी तो हल्ली चिडून खेळतो.

तुझी,
शकू