आक्काचं नाव विचारणाऱ्या दादांना

दादा, नमस्कार. हे तुम्हाला थेट मेसेज करूनही सांगता आलं असतं, नंबर आहे माझ्याकडे, पण मग ते तुमच्या माझ्यातच राहिलं असतं आणि मला ते तसं राहू द्यायचं नाहीये. तुमचं नाव, तुमच्या आमदारांचं नाव, आमच्या गावाचं नाव यातलं काहीच लिहीत नाही कारण तुम्हीच परवा म्हणालात की ताई मला कशात ओढू नका, मी माझं काम केलं. नाही ओढत. पण आभार तरी मानू द्या, गेले कितीतरी दिवस मनात साठून राहिलंय.

बाबा गेले त्या दिवशी परड्यात बायकांनी आईला बसवलं आणि दगडावर हात ठेवून तिच्या बांगड्या फोडल्या. हिरव्या काचेच्या होत्या, चार दिवसांपूर्वीच भरलेल्या. एक काच मनगटात घुसली, रक्त आलं, आणि एक बाई म्हणाली असू दे असू दे, आता काय नटायचंय का तिला. मी तिथेच उभी होते दादा. मी शिकलेली, नोकरी करणारी पोरगी आणि मला तोंडातून शब्द काढता आला नाही. ते माझ्याने आजही विसरवत नाही आणि हे सगळं जे मी करतेय ना, पत्रं, सह्या, ऑफिसं, ते तिथून सुरू झालं.

हेरवाडचं तेव्हा पेपरात वाचलेलं. शिरोळ तालुक्यातलं गाव, आमच्यापासून काही फार लांब नाही, तिथल्या ग्रामसभेने ठरावच केला की आमच्या गावात कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं हे बंद. मला वाटलं त्यांनी केलं तर आपण का नाही, आणि गावागावाने एकेक ठराव करत बसण्यापेक्षा सरकारने कायदाच करावा म्हणून आपल्या लोकप्रतिनिधींना सांगावं. एवढं साधं वाटलेलं मला.

तुमच्याआधी आम्ही कुठे कुठे गेलो ते तुम्हाला अर्धंच सांगितलंय. ग्रामपंचायतीत गेलो तर हा विषय अजेंड्यावर नाही. पुढच्या सभेला गेलो तर असं कुठलं परिपत्रक आमच्याकडे आलेलं नाही. तालुक्याला एका ऑफिसात अकरा ते अडीच उभं राहिलो, तिथल्या कार्यकर्त्याने कागद न उघडताच सांगितलं की बाई रस्ता पाणी लाईट असेल तर बोला, हे घरातले विषय घरात मिटवा. आणखी एका मोठ्या माणसाने निवेदन घेतलं, फोटो काढला, 'महिलांच्या समस्या जाणून घेतल्या' म्हणून संध्याकाळी टाकलासुद्धा, त्यानंतर फोन उचलला नाही. आणि मग संक्रांतीला त्यांच्याच नावाने गावात हळदीकुंकवाची पत्रिका आली, खाली ठळक छापलेलं, 'सर्व सुवासिनींनी उपस्थित राहावे'. आमचं निवेदन नेमकं कशाबद्दल होतं हे त्यांनी वाचलं असतं तर ती ओळ छापताना हात थांबला असता. आईने ती पत्रिका वाचली आणि काही न बोलता घडी करून फळीवर ठेवली. मी ती अजून जपून ठेवलीय.

याच लोकांच्या भाषणात फुले शाहू आंबेडकर हे शब्द पहिल्या मिनिटाला येतात. शाहू महाराजांनी 1917 साली आपल्या संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला, म्हणजे शंभरावर वर्षं झाली, आणि आम्ही अजून बांगड्या राहू द्या म्हणून दारोदार फिरतोय. नाव घ्यायचं असेल तर त्या माणसाने केलं त्यातलं थोडं तरी करा ना.

तर असं सगळं झाल्यावर पावसाळी अधिवेशनाच्या आधी आम्ही तुमच्याकडे, तुमच्या आमदारांच्या ऑफिसात आलो. सहाजणी वडापच्या जीपने आलो, आशा काही नव्हती, खरं सांगते. एकीने तर येताना डबा पण आणला होता, दिवसभर उभं राहावं लागणार हे धरून. तुम्ही आधी उठून आतून खुर्च्या आणल्या. मग पत्र हातात घेतलं आणि वाचलं. दोन्ही पानं. मध्ये फोन वाजला तर उलटा करून ठेवला. आम्ही एकमेकींकडे बघत होतो, कारण इतक्या ठिकाणी फिरून आमचं पत्र आमच्यासमोर शेवटपर्यंत वाचणारे तुम्ही पहिले.

आणि मग ते सह्यांचं पान.

एकवीसजणी होत्या त्यात, बारा सह्या आणि नऊ अंगठे. अंगठ्यांपुढे मीच लिहिलं होतं, नि.अं. म्हणजे निशाणी अंगठा, आणि कै. अमुक अमुक यांच्या पत्नी. एकीपुढे पण बाईचं स्वतःचं नाव नव्हतं. मला ते लिहिताना खटकलं सुद्धा नाही, आमच्याकडे तसंच लिहितात, रेशनला, बँकेत, सगळीकडे. तुम्ही पेन उघडलं आणि आमच्या शेजारच्या आक्काकडे बघून म्हणालात, आजी, हा अंगठा तुमचा ना, तुमचं नाव काय? आक्काने नवऱ्याचं नाव सांगितलं. म्हणजे सरळ नाव घेतलं नाही, ती घेत नाहीच, अमक्याच्या घरातली म्हणाली. तुम्ही परत म्हणालात, ते झालं हो आजी, ते आहे इथे लिहिलेलं, तुमचं नाव सांगा. ती म्हणाली माझं नाव घेऊन काय करताय, तुम्ही म्हणालात पत्र तुम्ही लिहिलंय तर तुमचं नाव नको का.

आक्का किती वेळ गप्प होती. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला तिचा, आता सत्तरी कधीच ओलांडली, पन्नासच्या वर वर्षं ती मोकळ्या मनगटाने जगली. लग्नात मागे बसली, बारशाला स्वयंपाकघरात राहिली, कुणी चांगल्या कामाला निघालं की स्वतःहून आड झाली. तिने नाव सांगितलं ते इतक्या हळू की तुम्हाला पुढे वाकून ऐकावं लागलं. आणि दादा, मला ते नाव माहीत नव्हतं. शेजारच्या घरात लहानाची मोठी झाले मी, तिच्या मांडीवर खेळले, आणि तिला आक्काशिवाय दुसरं नाव असेल हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. ते नाव मी इथे लिहिणार नाही, ते त्या कागदावर आहे तिथेच शोभतं.

तुम्ही ते निळ्या पेनाने सावकाश लिहिलंत, आडनावात ळ आहे का ल आहे ते विचारून घेतलंत, वाचून दाखवलंत, बरोबर आहे ना आजी म्हणालात. मग तिथे असलेल्या दुसऱ्या दोघींची. आणि बाकीच्या सहाजणी गावात होत्या तर मला म्हणालात लावा फोन, एकेकीला बोलवा. स्पीकरवर एकेकीला विचारून सहा नावं लिहिलीत, बाहेर माणसं खोळंबलेली असताना. तिकडून एकजण म्हणाली की सायब खरंच माझं नाव का, तेव्हा तुम्ही नुसतं हो म्हणालात, तो हो मला अजून ऐकू येतो.

परत येताना वडापमध्ये कुणीच बोलत नव्हतं. अर्ध्या वाटेत आक्काने मला विचारलं, आता ते मुंबईला जाणार का गं? मी म्हटलं जाणार. तर म्हणाली, माझं नाव जाणार म्हणजे. आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

तुम्ही नंतर जे जे केलंत ते पण कमी नाही. त्या रात्री साडेनऊला फोन करून सांगितलंत की ताई हेरवाडच्या ठरावाची तारीख तुम्ही चुकवलीय, ती 4 मे 2022 आहे, शाहू महाराजांच्या जाण्याला 6 मेला शंभर वर्षं पुरी होणार होती त्याच्या दोन दिवस आधीची, दुरुस्त करू ना? रात्री साडेनऊला आमच्या पत्रातली तारीख तपासणारा माणूस. मग दुसऱ्या दिवशी 17 मे 2022 च्या त्या सरकारी परिपत्रकाची प्रिंट पाठवलीत, ज्यात सगळ्या गावांनी हेरवाडसारखं करावं असं सरकारच म्हणतंय, जे आमच्या पंचायतीत कधी 'आलंच नव्हतं'. ती प्रिंट घेऊन आम्ही 15 ऑगस्टच्या ग्रामसभेला गेलो, आधी महिला सभेत विषय घेतला, आणि ठराव झाला. काही हात वर झाले नाहीत, दोघे तिघे उठून पण गेले, पण झाला. आईनेच मांडला.

तुम्ही तेव्हा स्पष्ट बोललात तेही बरं केलंत. परिपत्रक म्हणजे नुसतं आवाहन, त्यात कुणाला शिक्षा नाही, मोडणाऱ्याला कुणी विचारणार नाही, म्हणून तुमची कायद्याची मागणी बरोबर आहे पण तिला वेळ लागेल, खोटी आशा देत नाही. जादूटोणाविरोधी कायद्याचं सांगितलंत, किती वर्षं दाभोलकर सर त्याच्यामागे होते, आणि 20 ऑगस्ट 2013 ला त्यांचा खून झाल्यावर त्या वर्षी तो झाला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा 2016 चा, तो पण काही आपोआप आला नाही. तुम्ही म्हणालात पत्रं येत राहिली पाहिजेत, एकदा येऊन थांबली तर आतल्यांना वाटतं विषय संपला. आणि दहा मागण्या घालू नका, एकच लिहा. हे आम्हाला आधी कुणीच नीट बसवून सांगितलं नव्हतं, सगळ्यांनी फक्त बघतो म्हणून सांगितलं.

तुमच्या आमदारांनी मंत्र्यांना पत्र लिहिलं त्याची प्रत तुम्ही पाठवलीत, सोबत आमच्या सह्यांचं पान जोडलेलं. ती मी झेरॉक्स करून एकवीसजणींना वाटली. कुणी देवघरात ठेवली, कुणी ट्रंकेत. एकीने लॅमिनेशन करून आणलं तालुक्याहून.

मी विचार करते दादा की तुमचं त्यात काय गेलं, तर अर्धा तास. आणि त्या आधीच्यांचं काय वाचलं, तोच अर्धा तास. माणसाशी माणसासारखं बोलायला पद लागत नाही, पैसा लागत नाही, पक्ष तर अजिबात लागत नाही. आम्ही तुमच्या पक्षाला मत दिलं होतं का हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. आपल्याकडे अशी माणसं आहेत, टेबलामागे, काऊंटरमागे बसलेली, ज्यांचा कुणी कधी सत्कार करत नाही, ज्यांच्यामुळे एखादी बाई घरी जाताना सरळ मान करून जाते. वाईट अनुभव आपण पाच जणांना सांगतो, चांगला आला की आपल्यातच ठेवतो, म्हणून पण हे लिहिलं.

आईने गेल्या महिन्यात बांगड्या भरल्या. चारचारच, साध्या, हिरव्याच. पहिल्या दिवशी भाकऱ्या थापताना त्या वाजल्या तर दचकून थांबली ती, मग परत थापायला लागली. आक्का अजून भरत नाही, म्हणते सवय गेली गं आता, पण शेजारच्या सुनेच्या ओटीभरणीला या वेळी पुढे बसली होती, आणि बसा म्हणणारी त्या सुनेची सासू होती.

हिवाळी अधिवेशनाला सगळे नागपूरला जातील त्याआधी आम्ही दुसरं पत्र घेऊन येतोय, ग्रामसभेच्या ठरावाची प्रत जोडून, एकच मागणी, तुम्ही सांगितलं तसं. शेजारच्या दोन गावातल्या बायका पण आहेत या वेळी, त्रेचाळीसजणी झाल्या. अंगठे अठरा आहेत आणि प्रत्येकापुढे नाव लिहिलेलं आहे, मी स्वतः घरोघरी बसून विचारून लिहिलंय. ऑफिसात इतक्या खुर्च्या नाहीत ते माहितीये, आम्ही सतरंजी घेऊन येतो.

तुमची,
त्या एकवीसजणींपैकी एक