काडीपैलवानांचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांच्या लठ्ठपणाचा विषय निघाला की पालकसभेत सगळ्यांच्या नजरा दोन-तीन गुबगुबीत मुलांच्या आयांकडे वळतात. त्या बिचाऱ्या मान खाली घालतात आणि बाकीच्या निर्धास्त होतात: "आमचा तर काडीपैलवान, खाईना का वेफर्स!" सव्वीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवते आहे. हे वाक्य ऐकलं की आता पोटात गोळा येतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५. पण ही तूट सगळीकडे सारखी नव्हती. स्नायू कमी होते, कातडीखालची चरबी मात्र बरीचशी शाबूत. पुढे २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतः याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन यडकिन यांचा एकत्र फोटो आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी यडकिन यांच्या ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२! आपल्याकडे मधुमेह कमी वयात आणि कमी वजनावरही का गाठतो, याचा एक धागा इथे आहे. म्हणजे वजनकाट्यावर 'बारीक' ठरलेलं पोर सुटलं असं नाही.

गेल्या महिन्यात मधल्या सुट्टीनंतर मी वर्गातली कचऱ्याची टोपली वर्तमानपत्रावर पालथी केली. पाच-दहा रुपयांच्या पुड्यांची एकवीस रिकामी पाकिटं निघाली. पट अडतीसचा. दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला थंड पेयाच्या बाटलीवरचं लेबल वाचायला लावलं: १०० मिलीत १०.६ ग्रॅम साखर, बाटली २५० मिलीची. मुलांनी गुणाकार केला, उत्तर साडेसव्वीस ग्रॅम. तेवढी साखर चमच्याने वाटीत काढली तेव्हा पाच चमचे भरून वर थोडी उरली. एक मुलगी वाटीकडे बघत म्हणाली, "बाई, एवढी घातली तर चहा पिववणार नाही."

आठवडाभर या धड्याचा परिणाम टिकला. मग पुन्हा तेच, कारण फाटकाबाहेर पाऊल टाकलं की समोर पुड्यांच्या माळा लटकलेल्या. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ मुलांना विकू नयेत, असा एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा २०२० चा नियम आहे. आमच्या फाटकापासून पहिली टपरी बावीस पावलांवर आहे. ती चालवणाऱ्या मावशींना मी दोष देणार नाही. पेरू, शेंगा ठेवा म्हटलं तर त्या म्हणाल्या, "बाई, पेरू दोन दिवसांत नासतो. पुड्या नासत नाहीत, आणि गाडीवाला उधारीवर टाकून जातो." याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. ते नगरपालिकेने शोधावं: मावशींना पुढे हक्काची जागा द्यावी, उकडलेल्या शेंगा, चणे, फळं विकायला सुरुवातीचं भांडवल द्यावं. नुसती टपरी उचलून नेली तर चार दिवसांनी तिथे दुसरी उभी राहील.

ब्रिटनने एप्रिल २०१८ पासून थंड पेयांवर साखरेच्या प्रमाणानुसार कर लावला. १०० मिलीत ५ ग्रॅमच्या खाली साखर असेल तर कर नाही. कंपन्यांनी आपणहून साखर उतरवली. आपल्याकडे थंड पेयांवर कर भरपूर आहे, पण तो साखर बघून लागत नाही. दहा ग्रॅम असो की शून्य, दर तोच. मग कोण कशाला साखर कमी करील?

आणखी एक कळकळीची विनंती. शाळेत आरोग्य तपासणी होते तेव्हा वजनाचे आकडे मोठ्याने वाचू नका. मागे एकदा असं वाचलं गेलं आणि आमच्या चौथीतल्या एका मुलाने त्या दिवसापासून डबा उघडणंच सोडलं. आई रोज भरलेला डबा परत नेत होती. तो पुन्हा सगळ्यांमध्ये बसून जेवायला लागेपर्यंत दिवाळीची सुट्टी आली.

येत्या शनिवारी आमच्या शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आहे. मी पन्नास मीटरची दोरी घेऊन जाणार आहे. आधी सगळ्यांनी मिळून फाटकापासून ती धरायची, मग बैठकीला बसायचं.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, सातारा