मने, रुडकीची सीट लागली

नागपूर
रविवार, रात्री

प्रिय मने,

फोनवर हे होणार नाही म्हणून लिहून राहिली. फोनवर तू मधेच "थांब गं, पिल्लू उठलं" म्हणतेस आणि माझं वाक्य तसंच लटकून राहतं. तर इकडे सगळे बरे आहेत, आईचे गुडघे आहेत तसेच, आबांची शुगर कंट्रोलमध्ये, ऊन कसं आहे ते विचारू नको. आता मुद्दा.

आयआयटी रुडकीची ऑफर आली. जिओमॅटिक्स, म्हणजे आपलं मोजणी-नकाशाचं शास्त्र, एम.टेक. तो गेटचा, एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेचा, नवा पेपर 2022 ला सुरू झाला तेव्हा तू म्हणाली होतीस ना, "बघ, आपल्यासाठीच काढला यांनी", त्याच पेपरवर लागली. आणि त्याच आठवड्यात भूकरमापकाच्या, म्हणजे सरकारी मोजणी खात्याच्या, निवड यादीत पण नाव लागलं. आबा लगेच संत्रा बर्फी घेऊन आले, यादीची. रुडकीचं ऐकून म्हणाले, "चांगलं आहे, पण आता काहून जायचं?" आणि पेपर वाचायला घेतला. मने, आबा ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

पण नुसती ऑफर आली म्हणून मी एवढं लिहायला बसले नसते. कालव्यावर जे झालं ते तुझ्याशिवाय कोणाला कळणार नाही म्हणून लिहून राहिली.

आमच्या सर्व्हेच्या ऑफिसकडे एका जुन्या कालव्याच्या दुरुस्तीचं काम आलं आहे, तळाची लेव्हल काढून द्यायची, आठेक किलोमीटर. नवा रोव्हर घेतलाय, सॅटेलाइटवरून जागा आणि उंची काढणारा, साहेब खूश. सुरुवातीलाच एका पुलाच्या कठड्यावर जुना बेंचमार्क आहे, उंची आधीच मोजून ठेवलेली पक्की खूण, कोरलेला बाण दिसतो, उंची रेकॉर्डला आहे. पोल त्यावर ठेवला, बबल मधात आणला, सॅटेलाइटचा फिक्स मिळाला, आणि कंट्रोलरवर जी उंची आली ती रेकॉर्डपेक्षा पन्नासहून जास्त मीटर कमी! क्लायंटचा इंजिनिअर म्हणे मशीन खराब आहे, दुसरं आणा. आमचे साहेब म्हणे खराब नाही, असाच येतो फरक, तेवढा आकडा सगळीकडे मिळवून टाक, संपलं. आणि मी तिथे उन्हात उभी, डोक्यात रामटेकचा कॅम्प.

आठवतं ना? खिंडसीच्या काठावर तू आणि मी दोन दिवस बोललो नव्हतो. तू म्हणत होतीस उंची म्हणजे उंची, ती एकच असते, आणि मी म्हणत होते नाही, कशापासून मोजली ते आधी सांग. सर येऊन "पोरींनो, आधी ट्रायपॉड उचला" म्हणेपर्यंत आपलं चाललं होतं. तर मने, तेच आहे हे. सॅटेलाइटवाली उंची मोजली जाते गणितातल्या एका गुळगुळीत लंबगोलापासून, आणि कालव्यातलं पाणी त्या लंबगोलाला ओळखत नाही, ते गुरुत्वाकर्षण सांगेल तिकडे वाहतं. समुद्र जमिनीखालून असाच पुढे पसरला असता तर त्याची पातळी जिथे आली असती तो जिऑइड, आणि पृथ्वीच्या पोटातलं वजन सगळीकडे सारखं नाही म्हणून तो वर-खाली होतो. आपल्याकडे तो लंबगोलाच्या खाली आहे, श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्रात तर शंभर मीटरहून जास्त खाली. हे तिथे सांगितलं तर इंजिनिअर माझ्याकडे बघत राहिला आणि साहेब म्हणे, "मॅडम, थिअरी नंतर."

ठीक. पण तो फरक सगळीकडे सारखा नसतो ना! जिऑइडला पण उतार असतो. एका टोकाचा फरक आठ किलोमीटरवर तसाच चिकटवला तर दुसऱ्या टोकाला किती चुकेल? मी हट्टच धरला, आपण ऑटो लेव्हलने, दुर्बिणीतून वाचत वाचत, पूर्ण लाइन चालवू. आपले खर्रावाले काका स्टाफ, म्हणजे आकड्यांची उंच पट्टी, घेऊन पुढे, मी मागे, बॅकसाइट, फोरसाइट, पुन्हा उचला. पहाटे सुरू करायचो, दहानंतर तापलेल्या हवेत स्टाफचे आकडे लवलवायला लागले की थांबायचो. उलटी लाइन पण चालवली आणि क्लोजिंग एरर, जाऊन-येऊन उरलेली चूक, इतका छान कमी आला मने, की मी काकांना तिथेच टाळी दिली. मग तो एकच आकडा मिळवलेल्या रोव्हरच्या उंच्या शेजारी मांडल्या. दुसऱ्या टोकाला पंधरा सेंटीमीटरच्या आसपास फरक!

आता तू म्हणशील पंधरा सेंटीमीटर म्हणजे काय. कालव्याचा उतार पाच हजाराला एक आहे. म्हणजे किलोमीटरला वीस सेंटीमीटर पडतो. जवळपास पाऊण किलोमीटरचा उतार नुसत्या "आकडा मिळवून टाक" मध्ये गेला असता, आणि त्याचं पाणी शेवटच्या शेतकऱ्याला कमी पडलं असतं. टेलच्या माणसाला तसंही कधी पुरत नाही. साहेबांनी रिपोर्ट वाचला, लेव्हलच्याच उंच्या द्यायच्या ठरवल्या, "चांगलं काम" म्हणाले. पण फरक का पडतो आणि पुढच्या कामात लेव्हल न चालवता तो आधीच कसा काढायचा, हे आमच्या ऑफिसात कोणालाच येत नाही. मला पण अर्धंच येतं. आपल्याला सिव्हिलला शिकवलं ते सर्व्हेइंगचे दोन पेपर आणि एक कॅम्प. जिओडेसीचा धडा तर "परीक्षेला येत नाही" म्हणून सोडलेला. मला ते उरलेलं अर्धं पाहिजे.

त्या रात्री झोपच आली नाही. घरी कोणाला सांगू, जिऑइडला उतार आहे म्हणून? आईला सांगितलं तर म्हणाली, "बाई, पाणी पी आणि झोप."

आता आबांची बाजू सांगते, कारण ती खोटी नाही. भूकरमापकाची पोस्ट म्हणजे 19,900 बेसिक, वर भत्ते, कायमची. रुडकीला महिन्याला 12,400 स्टायपेंड, दोन वर्षं, त्यात मेस, पुस्तकं, जाणंयेणं. त्यानंतर काय, तर "बघू". आबांच्या पिढीला "बघू" हा शब्द झेपत नाही आणि काटोलच्या शेताकडे बघून मला पण तो झेपतो असं नाही, मागच्या वर्षी संत्र्याचा मृग बहार कसा गेला ते तुला माहीत आहे. शिवाय मोठ्या काकांचं धुऱ्याचं, शेताच्या बांधाचं, प्रकरण. आबांना वाटतं पोरगी मोजणी खात्यात लागली की काका आपोआप धुरा कोरायचं बंद करतील. मी समजावून थकले की आबा, घरच्या जमिनीची मोजणी मी करूच शकणार नाही, केली तरी कोण मानेल? तर म्हणतात, "मोजू नको, पण धाक तर राहील."

आणि त्या धुऱ्याचं खरं दुखणं तर वेगळंच आहे. हद्द कायमची मोजणी दोनदा झाली, दोन्ही वेळा खुणा वेगळ्या ठिकाणी. काका म्हणतात पैसे खाल्ले, आबा म्हणतात पैसे खाल्ले, दोघे भाऊ तेवढ्याच एका गोष्टीवर एकमत. मी तो नकाशा हातात घेऊन पाहिला. जुना, घड्या पडलेला, 16 इंचाला मैल. म्हणजे जवळपास एकास चार हजार. त्यावर धुऱ्याची रेघ अर्धा मिलीमीटर जाड आहे मने, म्हणजे जमिनीवर दोन मीटर! कागद दमट हवेने फुगतो, उन्हाने आकसतो ते वेगळंच. आता रोव्हरने दोन सेंटीमीटरपर्यंत मोजून दिलं तरी ते कशाच्या जवळ मोजलं? दोन मीटर जाडीच्या रेघेत धुरा नेमका कुठे? रेघेच्या मधात, की काकांच्या बाजूला, की जमिनीवर वर्षानुवर्षं वहिवाट आहे तिथे? याला गणित पण लागतं आणि कायदा पण. दोन भावांनी अकरा वर्षं एकमेकांकडे दिवाळीला जायचं सोडलं ते एका पेन्सिलच्या रेघेपायी. भूकरमापक होऊन मी रोज असे धुरे मोजीन, आणि ते काम महत्त्वाचं आहे, मला त्याची लाज नाही, उलट मी ते मनापासून केलं असतं. पण मला रेघेत किती चूक दडली आहे ते आकड्यात सांगता यायला पाहिजे. म्हणजे दोन्ही भावांना समोर बसवून म्हणता येईल की इथून इथपर्यंत कोणीच खोटं बोलून नाही राहिलं.

तू एकदा म्हणालीस, मशीन इतकी हुशार झाली की सर्व्हेअर कोणाला पाहिजे. पुण्यात एसीत बसून नकाशे ट्रेस करतेस म्हणून तुला असं वाटतं, मी तेव्हाही म्हटलं होतं, आताही म्हणते. राज्यात कॉर्सची, रोव्हरला चूक सुधारून देणारी कायमची, स्टेशनं लागली, ड्रोनने गावठाणं मोजून झाली, फेब्रुवारी 2021 पासून नकाशे करायला परवानग्यांची रांग राहिली नाही. बटण कोणीही दाबेल. पण बटणाने आलेला आकडा खरा की खोटा हे सांगणारं माणूस कमीच होत चाललं आहे, निदान मला आमच्या ऑफिसात बसून तसंच दिसतं. भांड तू, पण मी मागे हटणार नाही.

परवा संध्याकाळी झिरो माईलला, त्या इंग्रजांच्या वेळच्या खांबाशी, जाऊन आले. दगडी घोडे आहेत जागेवर, तुझा लाडका तो डावीकडचा पण. तिथे उंची कोरली आहे, 1020.171 फूट. आपण कॉलेजात असताना शंभरदा तिथून गेलो असू, तू फक्त घोड्यांचे फोटो काढलेस. 1907 चा बेंचमार्क, बाई! ना सॅटेलाइट, ना बॅटरी, समुद्राच्या काठावरून माणसांनी स्टाफ लावत लावत ही उंची इथपर्यंत आणली आणि फुटाचा हजारावा भाग कोरून ठेवला. बाजूला एक पोट्टा खर्रा चघळत उभा होता, म्हणे "मॅडम, हा देशाचा सेंटर आहे." मी त्याला सांगत बसले की बेंचमार्क म्हणजे काय. ऐकलं बिचाऱ्याने, बस येईपर्यंत.

आणि आपला लँब्टन, हिंदुस्थान मोजायला निघालेला तो इंग्रज. 1802 ला मद्रासला बेसलाइन, मोजणीची पहिली रेघ, मोजून सुरू केलं आणि वीस वर्षं उत्तरेकडे सरकत राहिला. तंजावरच्या देवळाच्या शिखरावर चढवताना अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, कोन मोजायचं यंत्र, आपटला तर स्वतः बसून सहा आठवड्यांत दुरुस्त केला. 20 जानेवारी 1823 ला नागपूरकडे येताना हिंगणघाटला गेला, तिथेच पुरला आहे. तू हिंगणघाटच्या मावशीकडे प्रत्येक उन्हाळ्यात जायचीस आणि तुला हे मी सांगितलं, आठवतं का तुझं तोंड कसं झालं होतं? त्याची मोजणीची कमान पुढे जॉर्ज एव्हरेस्टने डेहराडूनपर्यंत नेली. मी नकाशात बघितलं, रुडकी त्याच रेखांशाच्या जवळ, 78 च्या जरा अलीकडे. याने आबांना काही पटणार नाही, पण मला हे बघून फार बरं वाटलं.

मला भीती कशाची वाटते सांगू? पैशाची नाही, दोन वर्षं निघतील. भीती अशी की आईचे गुडघे आणि आबा एकटे, दादाचं येणं तुला माहीतच आहे. आणि स्थळं. आत्या म्हणते सरकारी नोकरीवाली म्हटलं की लगेच जमेल, "एम.टेक. करून राहिली" म्हटलं की विचारतील संपणार कधी. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, म्हणजे पुढच्या वर्षी पण प्रयत्न करता येईल, आई हेच म्हणते. पण मने, तू पण "पुढच्या वर्षी" म्हणाली होतीस. मी तुला टोचून नाही बोलून राहिली. तुझं लग्न, मग हे, सगळं बरोबरच होतं आणि तू सुखात आहेस ते मला दिसतं. पण तुला आतून काय वाटतं हे तू मला कधी सांगितलं नाहीस, आणि ते ऐकल्याशिवाय मला ठरवता येऊन नाही राहिलं.

फी भरायची मुदत शुक्रवारी संपते. माझं मन भरायच्याच बाजूला आहे. आबांशी बुधवारी बोलणार आहे, तो कालव्याचा रिपोर्ट समोर ठेवून. टेलच्या शेतकऱ्याचं पाणी त्यांना कळेल, ते स्वतः टेलचे आहेत.

पिल्लूला दात आले का? तुझ्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं झालं ना? नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की नाही ते पण लिही. पुण्यात पोह्यावर तर्री मागणं सोडलंस का अजून तसेच बघतात लोक? दिवाळीला ये, सक्करदऱ्याला जाऊ.

बुधवारच्या आत फोन कर, रात्री नऊनंतर, साईटवर रेंज नसते. आणि तुझी ती एरर अॅडजस्टमेंटची निळी वही, लीस्ट स्क्वेअर्सवाली, ती अजून असेल तर कुरिअर कर. झेरॉक्स नको, तुझ्या पेन्सिलच्या खुणा झेरॉक्समध्ये येत नाहीत.

तुझी,
शुभी

ता.क. आबांनी आत्ताच विचारलं, रुडकीला थंडी किती पडते. कशासाठी विचारलं ते सांगितलं नाही.