मागाचा तोटा पगारातून वजा का होत नाही?

संपादक महोदय,

उद्यमबागेतील एका कारखान्यात मी पगारी नोकरी करतो आणि वडगावात वडिलांनी उभारलेले दोन यंत्रमाग माझ्या नावावर चालवतो. गेल्या वर्षी सूत महागले, साड्यांचा उठाव मंदावला आणि मागांवर सुमारे ६० हजारांचा तोटा आला. तरीही पगारावरील कर एका रुपयानेही कमी झाला नाही.

याचे मूळ २००४ च्या वित्त कायद्यात आहे. त्याने १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ७१(२अ) घातले आणि तेव्हापासून धंद्याचा तोटा घरभाड्यातून किंवा ठेवींच्या व्याजातून वजा करता येतो, पगारातून मात्र नाही. तो ८ वर्षे पुढे ओढता येतो खरा, पण फक्त धंद्याच्याच नफ्यातून आणि तेही विवरणपत्र मुदतीत भरले असेल तरच. ही शेवटची अट शहापूर-वडगावच्या अनेक विणकर बांधवांना ठाऊकच नसते, याचे मला फार वाईट वाटते.

खोटे तोटे दाखवून कर बुडवला जाईल, ही सरकारची भीती मी समजू शकतो. परंतु ब्रिटनमध्ये, धंदा खरोखर नफ्याच्या हेतूने चालवला जात असेल तर, असा तोटा काही मर्यादेत नोकरीच्या उत्पन्नातूनही वजा करू देतात. वीजबिले आणि सूतखरेदीच्या पावत्या तपासून लहान मागधारकांना एका ठरावीक रकमेपर्यंत ही मुभा द्यावी, यासाठी आपल्या खासदारांनी अर्थमंत्रालयाकडे पाठपुरावा करावा, ही कळकळीची विनंती.

एक यंत्रमागधारक, वडगाव, बेळगाव