तोच रस्ता, उलट दिशेने

पुणे,
दि. २० जून २०२६

चि. मुक्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला प्रवासाचा तक्ता बाबांनी छापून आणला आणि गेले चार दिवस तो जेवणाच्या टेबलावरच आहे. फोनवर बोलायला गेले की तुझे बोलणे आणि माझे बोलणे एकमेकांत मिसळते आणि शेवटी दोघींचेही अर्धवट राहते, म्हणून सविस्तर लिहिते आहे. निवांतपणे वाच, आणि मग तुझ्या दोघी मैत्रिणींनाही वाचायला दे.

१० जुलै ते २७ जुलै या अठरा दिवसांत तू दिल्ली, आग्रा, शिमला, मनाली, सरचू, लेह, नुब्रा, पँगाँग, कारगिल, श्रीनगर आणि अमृतसर असे अकरा मुक्काम बसवले आहेत. हा प्रवास तू करावास असे मला मनापासून वाटते. पण तो या महिन्यात आणि या क्रमाने करू नये असेही तितकेच वाटते. तक्त्यावरून बोट फिरवताना माझे बोट सरचूपाशी थांबले. त्याचे कारण तुला आम्ही आजवर पुरते सांगितलेले नाही.

१९९७ च्या जुलैत मी आणि बाबा याच रस्त्याने निघालो होतो. झेलम एक्सप्रेसने दिल्ली, तिथून बसने मनाली आणि पुढे एका प्रवासी संस्थेच्या गाडीने लेह, असा बेत होता. मनाली सुमारे २,००० मीटरवर आहे. तिथून दुसऱ्याच रात्री आम्हाला सरचूच्या तंबूत झोपवले, आणि सरचूची उंची आहे जवळजवळ ४,३०० मीटर. संध्याकाळी बाबांचे डोके दुखू लागले, जेवण पोटात ठरेना, आणि रात्री अकराच्या सुमारास तंबूबाहेर गेले तेव्हा त्यांचे पाऊल सरळ पडत नव्हते. बाबा तेव्हा अडतीस वर्षांचे होते आणि दर रविवारी न चुकता सिंहगड चढत असत. संस्थेच्या माणसाने लसणाचे सूप दिले आणि सकाळपर्यंत बरे वाटेल, झोपून राहा, असे सांगितले. मी ऐकले नाही. जवळच्या लष्करी तळावर कंदील घेऊन गेले आणि तिथल्या डॉक्टरांनी त्यांना रात्रभर प्राणवायूवर ठेवले. पहाटे खाली न्यायचे ठरले, तेव्हा सरचू ही जागा मुक्कामाला किती वाईट आहे ते मला कळले. तिथून मनालीच्या बाजूच्या केलाँग गावाकडे उतरायचे तर आधी ४,८९० मीटरची बारालाचा खिंड चढावी लागते, आणि लेहकडे जायचे तर पाच हजार मीटरच्या वरच्या खिंडी आडव्या येतात. उंचीवरच्या विरळ हवेने होणाऱ्या ज्या आजारावर खाली उतरणे हाच खरा उपाय, तो आजार अशा जागी गाठतो, जिथून खाली जायचा रस्ता आधी वर जातो. केलाँगला पोचल्यावर चार-पाच तासांत बाबा उठून बसले आणि त्यांनी चहा मागितला. आम्ही तिथूनच परतलो. लेह मी अजून पाहिलेले नाही.

हे मी तुला भिवविण्यासाठी लिहीत नाही. तुझा रस्ता तोच ठेव, फक्त तो उलट्या दिशेने कर, एवढेच मला सांगायचे आहे. आधी अमृतसर आणि श्रीनगर, मग कारगिलमार्गे लेह, आणि उतरताना मनाली. म्हणजे सरचू शेवटी येईल, तेही दिवसा आणि मुक्कामावाचून, आणि तोवर तुमची शरीरे आठवडाभर उंचीला सरावलेली असतील.

आकड्यांत सांगते, कारण तुला आकडे पटतात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. आपले कळसूबाई शिखर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच, १,६४६ मीटर. श्रीनगर त्याहून किंचित खालीच, सुमारे १,५८५ मीटरवर आहे, म्हणजे तिथे श्वासाचा काही प्रश्न नाही. कारगिल सुमारे २,७०० मीटर. लेह मात्र ३,५०० मीटर. कळसूबाईवर दुसरे कळसूबाई ठेवले तरी त्याची बरोबरी होत नाही. हवेतील प्राणवायूचे प्रमाण सगळीकडे एकवीस टक्केच असते, पण हवेचा दाब उतरत जातो, आणि लेहमध्ये एका श्वासात समुद्रकाठच्या सुमारे दोन-तृतीयांशच प्राणवायू येतो, तर लेहच्या पुढच्या खारदुंग ला खिंडीत जेमतेम निम्मा. शरीर याची भरपाई करते, श्वास जलद आणि खोल होतो, पण त्याला दिवस लागतात, आणि ते दिवस व्यायामाने वाचवता येत नाहीत. म्हणूनच तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा एका रात्रीत साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, असे डॉक्टर सांगतात. दिवसा उंच जाऊन रात्री खाली येऊन झोपले तर चालते, कारण उंची मोजायची ती रात्रीची.

आता महिन्याचे. लडाख पर्जन्यछायेत असल्यामुळे जुलैतही तिथे फारसा पाऊस नसतो, हे तुझे म्हणणे खरे आहे. पण तुला लडाखपर्यंत पोचायचे आणि तिथून परतायचे आहे ते हिमाचलातून आणि जम्मूतून, आणि तिथे जुलै-ऑगस्ट हे दरडींचे महिने. २०२३ च्या जुलैत बियास नदीच्या पुराने कुल्लू-मनालीचा रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला होता आणि कितीतरी पर्यटक दिवसेंदिवस अडकून पडले होते. खुद्द लेहही अगदी निर्धोक नाही. ऑगस्ट २०१० च्या ढगफुटीत तिथे शेकडो माणसे गेली. शिवाय जुलैच्या उन्हात बर्फ भराभर वितळते आणि सकाळी घोट्याएवढे पाणी असलेला नाला दुपारी गाडी अडवतो. सप्टेंबरात पाऊस ओसरत आलेला असतो, नाले उतरलेले असतात आणि खिंडी बहुधा उघड्या असतात.

सप्टेंबर म्हटल्यावर तुझ्या मनात पहिला विचार कोणता आला असेल ते मला ठाऊक आहे. यंदा गणपती १४ सप्टेंबरला बसतात. तुझ्या जन्मापासून एकही गणपती तुझ्याशिवाय झालेला नाही. बंगळूरला नोकरी लागल्यावरही तू दरवर्षी आलीस. मी दोन दिवस याच विचारात होते. ऑगस्टच्या अखेरीस निघून गणपतीच्या आधी परत येता येईल का, हेही मांडून पाहिले, पण मग मनालीची उतरण भर पावसात येते. तेव्हा यंदा तू नसलीस तरी चालेल. आरतीला बाबा आहेत, मोदकांना मी आहे, गौरींच्या जेवणाला शेजारच्या मुली येतील. मी सुचवते आहे त्या तक्त्यात तू त्या दिवशी लेहला पोचतेस. पोचल्यावर एक फोन कर, म्हणजे झाले.

तक्ता असा. ४ सप्टेंबरला संध्याकाळी झेलमने पुणे सोडायचे आणि दुसऱ्या रात्री दिल्ली. विमानाने दोन तासांत पोचता येते हे मला कळते, पण दौंड, मनमाड, खंडवा, इटारसी, भोपाळ, झाशी अशी भाषा आणि माती बदलत गेलेली पाहिल्याशिवाय या देशाचा आवाका लक्षात येत नाही, आणि तुमच्याकडे वेळ आहे. दिल्लीत एक दिवस पुरे. आग्रा काढून टाक. ते शनिवार-रविवार जोडून कधीही होईल. ७ ला सकाळच्या गाडीने अमृतसर.

अमृतसरला तू एकच रात्र ठेवली होतीस, त्या दोन कर. हरमंदिर साहिब, म्हणजे सुवर्णमंदिर, एकदा दिवसा आणि एकदा पहाटे पाहावे, लंगरमध्ये जेवावे आणि शक्य झाले तर तासभर भांडी घासायला बसावे. जालियनवाला बाग तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आणि माझा आग्रह असा, की दुसऱ्या दिवशी घुमानला जाऊन यावे. गुरदासपूर जिल्ह्यातले हे लहानसे गाव. संत नामदेव आयुष्याच्या उत्तरार्धात तिथे राहिले असे परंपरा सांगते. त्यांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात आहेत आणि शीख समाज त्यांना भगत नामदेव म्हणून मानतो. २०१५ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच भरले होते. पंढरपूरचा शिंपी कुठवर पोचला आणि तिथल्या लोकांनी त्याला कसे आपले केले, हे तिथल्या गुरुद्वारात उभे राहून बघ. मला वाटते, तुझ्या सगळ्या प्रवासात मला सर्वांत जवळचे ठिकाण हेच असेल.

९ ला जम्मूमार्गे कटरा आणि १० ला रेल्वेने श्रीनगर. कटरा-श्रीनगर हा मार्ग जून २०२५ मध्ये सुरू झाला. वाटेत चिनाब नदीवरचा पूल लागतो, १,३१५ मीटर लांब आणि नदीपात्रापासून ३५९ मीटर उंच. स्थानकांवर तपासणी कसून होते, तेव्हा वेळ हाताशी ठेवून जा. श्रीनगरविषयी मला जे लिहायचे आहे ते जड आहे. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळ बैसरनला २६ माणसे मारली गेली, त्यात आपल्या पुण्याचीही होती, आणि त्या आठवड्यात या शहरावर पसरलेली शांतता मी विसरलेले नाही. काश्मीर वगळ असे तुला सांगावे असे मला वाटले होते. पण तिथल्या सामान्य माणसांचे पोट पाहुण्यांवर चालते हेही मी विसरू शकत नाही, आणि उंचीच्या दृष्टीने हाच मार्ग योग्य आहे. तेव्हा जा, पण निघण्याच्या आठवड्यात प्रशासनाने काय उघडे आणि काय बंद ठेवले आहे ते पाहा, आणि जे बंद असेल तिथे कुणी ओळखीने नेतो म्हणाला तरी जाऊ नका. दल सरोवर, शंकराचार्य टेकडी आणि मुघल बागा एवढे दीड-दोन दिवसांना पुष्कळ आहे.

१२ ला सोनमर्ग, १३ ला कारगिल आणि १४ ला लेह. श्रीनगर-लेह हे अंतर सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि एका दिवसात नेतो म्हणणारे चालक भेटतील; त्यांना नकार द्या. सोनमर्गच्या पुढे झोजी ला, ३,५२८ मीटर, आणि तिथे कधी कधी एकाच बाजूची वाहने सोडतात, म्हणून पहाटे निघावे. द्रासचे युद्धस्मारक घाईने पाहू नका. समोर तोलोलिंगचा डोंगर दिसतो. १९९९ मध्ये आपल्या जवानांनी किती उघड्या चढावरून वर जायचे होते ते तिथे उभे राहिल्यावर कळते, असे तिथे जाऊन आलेले सगळेच सांगतात. कारगिलच्या पुढे फोतू ला, ४,१०८ मीटर, ही या रस्त्यावरची सर्वांत उंच जागा, पण ती ओलांडून तुम्ही खाली उतरता.

कारगिलहून लेहला जाताना झोपण्याची उंची एकदम ८०० मीटरने वाढते, म्हणून १५ आणि १६ हे दोन दिवस लेहमध्ये पूर्ण विश्रांती. बाजारात हळू फिरा, पाणी प्या, मद्य आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य. १७ ला खारदुंग ला ओलांडून नुब्रा. खिंडीत पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका. नुब्रा लेहहून खाली आहे, त्यामुळे तिथे झोप चांगली लागेल. १९ ला लेहला परत. पँगाँगला तू मुक्काम ठेवला होतास, तो मला मान्य नाही, कारण ते सरोवर ४,२०० मीटरच्या वर आहे. २० ला पहाटे निघून रात्री लेहला या. दिवस थकवणारा होईल, पण रात्र सुखाची जाईल. काश्मीरहून आणलेली टॅक्सी लडाखमध्ये स्थलदर्शनाला चालत नाही, स्थानिकच घ्यावी लागते, हे खर्चात धर.

२१ सप्टेंबर मी रिकामा ठेवला आहे, आणि २४ सुद्धा. या दोन चौकटींत काहीही भरू नकोस. दरड, बिघडलेली गाडी, एखादीचा ताप, यांपैकी काहीतरी होतेच. तुझ्या तक्त्यात असा एकही दिवस नव्हता, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटली. काही झाले नाही तर लेहमध्ये उन्हात बसून पत्र लिही मला.

२२ ला पहाटे चारला लेह सोडून तांगलांग ला, मोरेचे पठार, पांग, सरचू आणि बारालाचा असे करत रात्री जिस्पा किंवा केलाँग गाठायचे. २३ ला अटल बोगद्यातून, नऊ किलोमीटरचा आहे तो, मनाली. २५ ला चंदीगड, २६ ला विमानाने पुणे. शिमला या खेपेस नाही.

औषधाचे एक अगत्याचे. उंचीसाठी डायमॉक्सची गोळी अनेक जण घेतात, पण ती सल्फा गटातली आहे, आणि तू चार वर्षांची असताना सल्फाच्या औषधाने तुझ्या अंगभर पुरळ उठले होते. हे डॉक्टरांना सांगितल्याशिवाय ती घेऊ नकोस. तिघींनी आपसात एक ठरवा: डोके दुखत असेल तर ते लपवायचे नाही, दुखत असताना वर चढायचे नाही, आणि जिला टाचेला बोट जुळवून सरळ रेषेत चालता येत नाही किंवा बसल्या जागी धाप लागते, तिला घेऊन रात्र असली तरी खाली निघायचे. पैसे आणि आरक्षण वाया जाईल म्हणून कुणी थांबू नये. ते पैसे मी देईन.

जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरची प्रीपेड सिमकार्डे चालत नाहीत. तिघींपैकी किमान दोघींचे पोस्टपेड असू दे.

रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते, म्हणजे ४ सप्टेंबरसाठी ६ जुलैला सकाळी आठ वाजता. बाबा त्या दिवशी साडेसातपासून बसणार आहेत. त्याआधी मैत्रिणींची पूर्ण नावे आणि वये कळव, आणि खालचा बर्थ कुणाला हवा तेही.

तुझी,
आई