अर्धवट कामाला घरात राहू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दसरा झाला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कंदिलांच्या लिंक सुरू होतात, कुठला स्वस्त, कुठला फोल्डिंगचा, कुठला दोन दिवसांत घरपोच, आणि त्यात कुणी विचारलंच की यंदा कोणी घरी करतंय का, तर सगळ्यांचं उत्तर एकच येतं, वेळ कुठे आहे. मला ते पूर्ण पटत नाही म्हणून हे पत्र लिहितेय. वेळ कमी आहे हे खरंय, मीही नोकरी करते, लोकलने जाते-येते, घरी पोचेपर्यंत साडेसात वाजतात. पण वेळेपेक्षा मोठी अडचण दुसरीच आहे आणि तिच्यावर कोणी बोलत नाही. आपल्या घरांमध्ये अर्धवट राहिलेल्या कामाला जागाच उरलेली नाहीये.

हाताने करायची कुठलीही गोष्ट एका बैठकीत होत नाही. चिकटवलेलं वाळावं लागतं, रंगाचा पहिला हात सुकल्याशिवाय दुसरा देता येत नाही, क्रोशाचं तोरण रोज वीतभर पुढे सरकतं. नोकरदार घरात रोज अर्धा तास मिळाला तरी खूप, आणि तो मिळतोही, जेवणं झाल्यावर तेवढा मोबाइलवर जातोच ना. पण त्या अर्ध्या तासातली वीस मिनिटं सामान काढण्यात आणि परत आवरण्यात गेली की दुसऱ्या दिवशी कोणी हात लावत नाही, मग सगळं पिशवीत भरून माळ्यावर जातं आणि पुढच्या साफसफाईत भंगारात. हॉल कायम पाहुणे दारात उभे असल्यासारखा चकाचक पाहिजे हा जो आपला आग्रह आहे, तोच हस्तकलेला सगळ्यात जास्त मारक आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पूर्वी पडवी असायची, ओटी असायची, चाळीत निदान गॅलरी असायची, तिथे चार दिवस काम पडून राहिलं तरी कोणाच्या पायात येत नव्हतं.

आमचं वन बीएचके, माणसं पाच, वेगळं टेबलसुद्धा शक्य नाही. आम्ही मुलांचा जुना कॅरम बोर्ड या कामाला दिलाय. जे काही चालू असेल ते त्यावरच करायचं आणि झोपताना बोर्ड आहे तसा उचलून दिवाणाखाली सरकवायचा. चारी बाजूंना लाकडी पट्टी आहे त्यामुळे मोती घरंगळत नाहीत, भोकांना खालून पुठ्ठा चिकटवलाय, ओलं चिकटवलेलं हलत नाही, आणि दुसऱ्या दिवशी ओढून बाहेर काढला की काम लगेच सुरू. नियम एवढाच की बोर्डावरचं कोणी न विचारता आवरायचं नाही, पाहुणे आले तरी नाही. खरं सांगते, या एका नियमाने जेवढं काम झालं तेवढं कुठल्याही टाइमटेबलने झालं नसतं.

कंदिलाचंच सांगते. जुन्या पद्धतीच्या कंदिलाला सारख्या लांबीच्या २४ कामट्या लागतात, चार-चारचे ६ चौकोन बांधायचे, मग ते चौकोन कोपऱ्याला कोपरा जोडत गेलं की मधले ८ त्रिकोण आपोआप तयार होतात, ते वेगळे करावेच लागत नाहीत. आमच्या सातवीतल्या मुलाला हे हातात धरून कळलं तेव्हा तो परत परत मोजून बघत होता, भूमितीच्या पुस्तकाकडे तो कधी इतक्या प्रेमाने बघत नाही. पतंगाचा कागद लावताना फार ताणला तर फाटतो आणि सैल सोडला तर सुरकुत्या पडतात, ते हातालाच समजावं लागतं, व्हिडिओ बघून येत नाही. चिकटवायला मैद्याची खळ पुरते. जुने लोक त्यात कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकायचे, पण घरात लहान मुलं असतील तर ते अजिबात टाकू नका, विषारी असतं. झिरमिळ्या कापायला घरातल्या सगळ्यात लहान माणसाला बसवावं. आत एलईडी लावावा, साधा बल्ब तापतो. हे सगळं एका रविवारी उरकायला गेलात तर संध्याकाळपर्यंत सगळे एकमेकांवर ओरडत असतील. आठवडाभर थोडं थोडं करा, कामट्या एक दिवस, चौकोन दुसऱ्या दिवशी, मग कागद, मग झिरमिळ्या.

आमच्या सासूबाईंची गोधडी तर या बाबतीत सगळ्यात शहाणं काम आहे. तिला पूर्ण फरशी फक्त एक दुपार लागते, जुनी नऊवारी खाली अंथरून वरचे थर नीट बसवायचे आणि मोठे मोठे कच्चे टाके घालून घ्यायचे. त्यानंतर गुंडाळी करता येते आणि मांडीवर मावेल एवढाच भाग उघडून धावदोरा घालत बसायचं, महिनोन्महिने. कधीही थांबवा, कधीही उचला. नातीला त्यांनी सुरुवातीला फक्त सुईत दोरा ओवायचं काम दिलं होतं, आता तिचे टाके एका कोपऱ्यात आहेत, वाकडेतिकडे, आणि सासूबाई ते उसवू देत नाहीत.

आता दुसरा मुद्दा, आणि तो मला जास्त टोचतो. घर सजवणं हे बाईचंच काम असं अजून धरलं जातं. शाळेचा प्रोजेक्ट आला की रात्री अकरा वाजता आई पुठ्ठा कापत बसलेली असते, मूल झोपलेलं असतं आणि बाबा म्हणतात छान झालंय. मग बायकांनी रेडिमेड आणलं तर त्यांना बोल लावायचा अधिकार कोणाला आहे? गोव्यात गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात ते बघा. लाकडी चौकट टांगायची, तिला सुपारीचे घोस, नारळ, तोरिंजनं, रानातली कवंडळं असं सगळं बांधायचं, म्हणजे कोणीतरी रानात जाऊन आणणार, कोणी शिडीवर चढणार, कोणी खालून हातात देणार, अख्खं घर त्यात असतं. तिथलं कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धाही घेतं. वारली लोकांमध्ये लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नचौक काढतात, सवाष्णी काढतात आणि त्याशिवाय लग्न पुरं होत नाही. म्हणजे घरच्या कार्यातच कलेला जागा ठरलेली आहे, उरलेल्या वेळात करायचा छंद नाहीये तो. त्याच समाजातले जिव्या सोमा मशे ही चित्रं कागदावर आणि कापडावर काढून जगभर घेऊन गेले, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

थर्माकोलवर आपल्याकडे २०१८ मध्ये बंदी आली तेव्हा मला खूप आशा वाटली होती की आता मखरं परत घरात बनतील, पुठ्ठा, कापड, बांबू, जुन्या साड्या वापरून. काही घरांत बनतातही, पण बऱ्याच ठिकाणी थर्माकोलचं रेडिमेड गेलं आणि पुठ्ठ्याचं रेडिमेड आलं. पर्यावरणाच्या दृष्टीने चांगलंच झालं, घरच्यांनी एकत्र बसण्याच्या दृष्टीने काही बदललं नाही. विकत आणणाऱ्यांना मी नावं ठेवत नाहीये, बचत गटाच्या बायका सुंदर कंदील करतात, ते जरूर घ्यावेत. आणि घरी करायला घेतलं तरी कामट्या बुरुडाकडूनच आणाव्या लागतात, पुण्यात तर अख्खी बुरूड आळी आहे, मुलांना घेऊन जा तिकडे एकदा, बांबू कसा चिरतात ते उभं राहून बघू द्या.

शाळांनाही सांगणं आहे. कार्यानुभवाचा तास गणिताला देऊन टाकणं बंद करा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी १० दिवस दप्तराविना ठेवलेत, त्या दिवसांत मुलांनी सुतार, कुंभार, माळी, कलाकार यांच्याकडे जाऊन शिकावं असं त्यात लिहिलंय. ते दिवस खरंच तसे वापरा, आणि घरी करायला दिलेलं काम आईने केलेलं दिसलं तर त्याला मार्क देऊ नका. मुलाचं ओबडधोबड चालेल.

सोसायट्यांच्या कमिट्यांना हात जोडून विनंती आहे की दिवाळीत किल्ल्याला जागा द्या. आमच्याकडे पेव्हर ब्लॉक खराब होतात म्हणून मातीला बंदी घातली. विटा रचायच्या, त्यावर चिखलात भिजवलेलं गोणपाट टाकायचं, वर अळीव पेरायचे, काही दिवसांत किल्ला हिरवा होतो आणि नंतर सगळं उचलून पाण्याने धुतलं की फरशी होती तशी. पंधरा दिवस एक कोपरा द्यायला काय हरकत आहे? त्या कोपऱ्यात वेगवेगळ्या मजल्यांवरची मुलं एकत्र येतात, एरवी ती लिफ्टमध्ये एकमेकांशी बोलतसुद्धा नाहीत.

आणि तुमच्याकडे एक मागणं. सणाच्या पुरवणीत काय कुठे मिळतं त्याची पानं येतात तशी काय कसं करायचं त्याचीही येऊ द्या, फक्त फोटो नको, नीट मापांसकट. कंदिलाच्या कामटीची लांबी किती घ्यावी, कागदाचे किती ताव लागतील, चैत्रगौरीची आरास छोट्या कपाटात कशी मांडायची, चैत्रांगणात कुठली चिन्हं काढायची, भाड्याच्या घरात खिळा न ठोकता तोरण कसं लावायचं. दिवाळीला अजून अवकाश आहे. कंदिलाचं माप दसऱ्याच्या अंकात आलं तर लोकांना आठवडाभर थोडं थोडं करायला वेळ मिळेल, धनत्रयोदशीच्या अंकात येऊन उपयोग नाही.

आपली,
एक वाचक, डोंबिवली