अफेक्ट आणि इफेक्ट : मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. इंग्रजीत अहवाल लिहिताना ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’ या दोन शब्दांपाशी तुझा हात अडतो, आरंभी ‘ए’ लिहावा की ‘ई’ हे प्रत्येक वेळी कोशात पाहावे लागते आणि पाहिलेले आठवडाभरही लक्षात राहत नाही, असे तू लिहिले आहेस. सोबत स्वतःची तीन वाक्येही तपासण्यासाठी पाठवली आहेस. भाषांतराच्या कामात मी याच जोडीपाशी अनेकदा थबकलो आहे, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहितो.

प्रथम एक गोष्ट सांगतो. ही चूक तुझ्या निष्काळजीपणामुळे होत नाही. या दोन्ही शब्दांच्या उच्चारात जोर ‘फेक्ट’ या भागावर पडतो आणि त्याच्या आधीचा स्वर इतका ओझरता राहतो की भरभर बोलताना दोन्ही शब्द जवळजवळ सारखेच ऐकू येतात. आपण ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत गोंधळतो तेव्हा निदान ह्रस्व-दीर्घाचा भेद कानाला आधार देतो. इथे तोही आधार नाही. शिवाय दोन्ही शब्द शुद्ध असल्यामुळे संगणकावरचा साधा शुद्धलेखन-तपासनीस चुकीच्या शब्दाखालीही लाल रेघ ओढत नाही.

दुसरे कारण आपल्या मराठीतच आहे, आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. ‘अपुऱ्या झोपेचा कामावर परिणाम झाला’ असे आपण सहज म्हणतो. या वाक्यात ‘परिणाम’ हे नाम आहे, आणि ज्याच्यावर परिणाम झाला त्याला ‘वर’ जोडावे लागते. इंग्रजीत हाच आशय दोन प्रकारे मांडता येतो. एका प्रकारात क्रियापद वापरतात, तो ‘अफेक्ट’, आणि त्याला थेट कर्म लागते, मध्ये ‘ऑन’ येत नाही. दुसऱ्या प्रकारात नाम वापरतात, तो ‘इफेक्ट’, आणि तिथे मात्र आपल्या ‘वर’सारखा ‘ऑन’ लागतो. आपण मनात मराठी वाक्य जुळवून इंग्रजी लिहू लागलो की हा ‘वर’ क्रियापदालाही जाऊन चिकटतो आणि ‘अफेक्टेड ऑन माय वर्क’ असे वाक्य कागदावर उतरते. तुझे पहिले वाक्य नेमके असेच झाले आहे. ‘वेळा बदलल्याचा उपस्थितीवर परिणाम झाला’ हे सांगताना तू ‘हॅव इफेक्टेड ऑन अटेंडन्स’ असे लिहिलेस. तिथे एकतर ‘हॅव अफेक्टेड अटेंडन्स’ असे लिही, नाहीतर ‘हॅव हॅड ॲन इफेक्ट ऑन अटेंडन्स’ असे लिही. ‘ऑन’ लिहायचा मोह झाला की क्षणभर थांबून, आपण इथे नाम लिहितो आहोत ना, एवढे पाहिलेस तरी तुझ्या निम्म्या चुका तिथेच अडतील.

आता या शब्दांविषयी सर्वत्र शिकवला जाणारा नियम घेऊ. अफेक्ट म्हणजे क्रियापद आणि इफेक्ट म्हणजे नाम, ‘ए’ म्हणजे ॲक्शन आणि ‘ई’ म्हणजे एंड, असा तो नियम आहे. परीक्षेपुरता तो चांगला आहे आणि बहुतेक वाक्यांत बरोबर उत्तरही देतो. मी मात्र त्याच्यावर पूर्ण विसंबायचे सोडून दिले, आणि त्याला कारण घडले. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका संस्थेसाठी खर्चाच्या नव्या व्यवस्थेविषयी टिपण तयार केले होते. ‘या व्यवस्थेमुळे बचत साधली जाईल’ असे मला म्हणायचे होते. मला क्रियापद हवे होते, नियम तोंडपाठ होता, म्हणून मी ‘विल अफेक्ट सेव्हिंग्ज’ असे लिहिले. बैठकीत ते वाचणाऱ्यांनी त्याचा सरळ अर्थ घेतला की या व्यवस्थेने बचतीला धक्का लागेल, आणि बचतीला धक्का लावणारी व्यवस्था आणायचीच कशाला, असा रास्त प्रश्न त्यांनी विचारला. तिथे ‘विल इफेक्ट सेव्हिंग्ज’ असे हवे होते. इफेक्ट हा शब्द क्रियापद म्हणूनही येतो आणि तेव्हा त्याचा अर्थ ‘घडवून आणणे’ असा होतो, हे मला त्या दिवशी समजले. एका अक्षराने माझे म्हणणे पार उलटे झाले होते, आणि ते नियम मोडल्यामुळे नव्हे, पाळल्यामुळे झाले होते.

त्यानंतर मी या शब्दांचे मूळ शोधले, आणि तेव्हापासून मला कोश उघडावा लागलेला नाही. लॅटिनमध्ये ‘करणे’ या अर्थाचा ‘फाकेरे’ हा धातू आहे. इंग्रजीतील ‘फॅक्ट’ त्याच्यापासूनच आला. त्याचा मूळ अर्थ ‘केलेली गोष्ट’. या धातूला निरनिराळे उपसर्ग लागून परफेक्ट, डिफेक्ट, इन्फेक्ट असे पुष्कळ शब्द झाले. परफेक्ट म्हणजे शेवटपर्यंत केलेले, पूर्णत्वाला नेलेले. डिफेक्ट म्हणजे जिथे काही कमी पडले ते. संस्कृतातील ‘कृ’ धातूपासून आकार, विकार, उपकार, संस्कार असे शब्द होतात, अगदी तशीच ही रीत आहे. ध्वनीच्या दृष्टीने पाहिले तर ‘फाकेरे’चे खरे नाते आपल्या ‘धा’ धातूशी, म्हणजे विधान आणि परिधान यांच्या कुळाशी आहे, कारण दोन्ही धातू एकाच इंडो-युरोपीय मुळातून आले आहेत. अर्थ समजून घ्यायला मात्र ‘कृ’च आपल्याला जवळचा.

आता आपले दोन शब्द बघ. अफेक्टमध्ये ‘आद’ हा उपसर्ग आहे आणि त्याचा अर्थ ‘कडे’. इफेक्टमध्ये ‘एक्स’ आहे आणि त्याचा अर्थ ‘बाहेर’. पुढच्या ‘फ’मुळे आधीचे व्यंजन बदलले आणि दोन्ही शब्दांत ‘एफ’ हे अक्षर दोनदा आले. सत् आणि जन यांचा सज्जन होतो, उत् आणि लेख यांचा उल्लेख होतो, तसाच हा व्यंजनसंधी आहे. म्हणजे या संधीने उपसर्गांची ओळख पुसून टाकली आणि केवळ पहिला स्वर खुणेसाठी मागे राहिला. उपकार आणि अपकार यांतही पहिल्या अक्षराचाच फरक आहे, पण ‘उप’ आणि ‘अप’ यांचा अर्थ आपल्या अंगवळणी पडलेला असल्यामुळे त्यांत कोणी सहसा गोंधळत नाही. अफेक्ट आणि इफेक्ट यांच्या बाबतीत हीच सवय स्वतःला लावून घ्यायची आहे.

अफेक्टमध्ये क्रिया कशाकडे तरी जाते. ते ‘कशाकडे तरी’ आधीपासून अस्तित्वात असते. क्रिया त्याला जाऊन भिडते आणि त्याच्यात फरक पडतो. बातमीने एखाद्याचे मन हलले, उष्णतेने यंत्राची गती मंदावली, आजाराने फुप्फुसे बाधित झाली, या सर्व ठिकाणी मन, यंत्र आणि फुप्फुसे आधी होतीच. इफेक्टमध्ये जे आधी नव्हते ते बाहेर येते. क्रियेतून बाहेर आले ते नाम, म्हणजे परिणाम. आणि बाहेर आणणे हे क्रियापद, म्हणजे घडवून आणणे. नाम की क्रियापद हा प्रश्नच इथे दुय्यम ठरतो, कारण दोन्हींत दिशा एकच आहे. आपल्या दर्शनशास्त्रात कारणाच्या जोडीला ‘कार्य’ हा शब्द येतो, आणि कार्यकारणभावातील ते ‘कार्य’ म्हणजेच इंग्रजी ‘कॉज अँड इफेक्ट’मधील इफेक्ट होय. मातीतून घट घडतो तेव्हा घट हे कार्य असते. हे मला सुचले त्या दिवशी इफेक्ट हा शब्द मला परका वाटेनासा झाला.

विज्ञानातील नावांचा उलगडाही यातून होतो. ख्रिस्तियान डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडलेला डॉप्लर इफेक्ट आणि चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या १९२८ मधील शोधाचा रामन इफेक्ट, यांत कशातून तरी बाहेर आलेली, पाहता आणि मोजता येणारी गोष्ट अभिप्रेत आहे, म्हणून तिथे नेहमी ‘ई’च येतो. मराठीतही आपण ‘डॉप्लर परिणाम’ आणि ‘रामन परिणाम’ असेच म्हणतो. साइड इफेक्ट आणि साउंड इफेक्ट हेही याच रांगेतले. पर्सनल इफेक्ट्स, म्हणजे एखाद्याच्या वैयक्तिक वस्तू, हा प्रयोग मात्र स्वतंत्रपणे लक्षात ठेवावा लागतो.

जसा इफेक्ट क्रियापद होतो तसा अफेक्टही क्वचित नाम होतो, आणि ते स्थान तुला बहुधा मानसशास्त्रावरील लेखनातच भेटेल. तिथे त्याचा उच्चार वेगळा आहे. जोर पहिल्या स्वरावर येतो आणि शब्द ‘ॲफेक्ट’ असा ऐकू येतो. मनाला जे भिडले त्याचा भाव, आणि मनोविकारतज्ज्ञांच्या भाषेत त्या भावाचे चेहऱ्यावर व आवाजात दिसणारे रूप, असा त्याचा अर्थ आहे. रुग्णाच्या चेहऱ्यावर कोणताच भाव उमटत नसेल तर त्याला ते ‘फ्लॅट ॲफेक्ट’ म्हणतात. नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ऋतुमानानुसार येणाऱ्या खिन्नतेचे वर्णन केले, तिला त्यांनी ‘सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर’ असे नाव दिले. तिथे कोणी ‘इफेक्टिव्ह’ लिहिले तर भावनेचा विकार हा अर्थच नाहीसा होईल, कारण इफेक्टिव्ह म्हणजे परिणामकारक. माया या अर्थाचा ‘अफेक्शन’ हा शब्दही याच घरातला आहे, आणि कोणाकडे तरी मन ओढ घेते तेव्हा ‘आद’ हा उपसर्ग किती सार्थ असतो, हे तुला वेगळे सांगायला नको. आव आणणे, नसलेली बेफिकिरी दाखवणे, याही अर्थाने इंग्रजीत अफेक्ट येतो. तोही एखाद्या गोष्टीकडे झेपावण्याचाच प्रकार आहे.

आता तुझी उरलेली दोन वाक्ये. दुसऱ्या वाक्यात ‘समितीने दोन्ही पक्षांत तडजोड घडवून आणली’ असे तुला सांगायचे आहे आणि तू ‘अफेक्टेड अ सेटलमेंट’ लिहिले आहेस. तडजोड आधी नव्हती, समितीच्या प्रयत्नांतून ती निष्पन्न झाली. म्हणून ‘इफेक्टेड’ हवे. शक्य असेल तर मी तिथे साधे ‘ब्रॉट अबाउट’ लिहीन. क्रियापद म्हणून इफेक्ट शुद्ध असला तरी जडच वाटतो, आणि घाईत वाचणारा माणूस त्याला छपाईची चूक समजण्याची भीती राहते.

तिसरे वाक्य मी दुरुस्त न करताच परत पाठवतो आहे. ‘द न्यू रूल्स विल अफेक्ट द चेंजेस’ असे तू लिहिलेस. नव्या नियमांमुळे ते बदल घडून येणार असतील तर इथे ‘इफेक्ट’ पाहिजे. पण बदल आधीच सुरू असतील आणि नव्या नियमांमुळे त्यांची गती किंवा दिशा बदलणार असेल, तर तुझा ‘अफेक्ट’ जसा आहे तसाच बरोबर आहे. दोन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत आणि दोन्ही तुझ्या अहवालात शोभतील, पण त्यांतले खरे कोणते हे केवळ तुला ठाऊक आहे. ते बदल सुरू झाले होते की व्हायचे होते, एवढे मला कळव.

तुझा,
जुना स्नेही